आधी गाणी बाहेर काढा, मग कॉम्प्युटर पुसा

सादर नमस्कार. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गेली अकरा वर्षं गावोगावच्या वयस्क बायांकडून धालोंची (धालो म्हणजे आमच्याकडचं बायकांचं लोकनृत्य) आणि फुगड्यांची गाणी ऐकून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवते आहे. साडेचारशेच्या वर झाली. सांगणाऱ्यांतल्या निम्म्या जणी आज हयात नाहीत. गणेश चवथीला पुतण्या आला होता. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं, ते त्याने इंटरनेटवरून फुकटात उतरवून दिलं. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस आहेत’ असं सारखं येतं. वाळपईला झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह नेला, तर तो म्हणाला, ‘बाय, तुज्या पेन ड्राइव्हांत व्हायरस आसा, हांव लायना.’ पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरांवर बाणाची खूण आली आहे आणि ते उघडतही नाहीत. माझ्या नावाने मैत्रिणींना इंग्रजी ईमेल गेले. दुकानदार म्हणतो, 800 रुपयांत फॉरमॅट करून देतो. कॉम्प्युटर 2016 चा आहे, विंडोज 10. पेन्शनचं खातंही त्यावरूनच बघते. गाणी जातील का? आणि पुतण्याला काय म्हणू?
— एक वाचक, सत्तरी

नमस्कार बाई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर पहिली भीती वाटली ती व्हायरसची नाही, त्या 800 रुपयांची. दुकानदार वाईट आहे म्हणून नव्हे. ‘फॉरमॅट करून देतो’ म्हणताना तो मशीनचा विचार करतो, आणि तुमचा जीव त्या मशीनच्या आत आहे. म्हणून आधी एवढंच करा: कॉम्प्युटर दुकानात देऊ नका. इंटरनेटची वायर काढा, वायफाय असेल तर राउटर बंद करा आणि कॉम्प्युटर तसाच बंद राहू द्या. बंद कॉम्प्युटरमधून काही चोरीला जात नाही आणि काही बिघडतही नाही. आठवडाभर तसाच राहिला तरी गाण्यांना धक्का लागणार नाही.

हे इतक्या ठासून सांगतो, कारण माझ्या घरी हे होऊन गेलंय. वडील जत्रेत होणाऱ्या नाटकांची टिपणं लिहायचे. कोणत्या वर्षी कोणतं नाटक, कोणी कोणती भूमिका केली, पडदा कोणाकडून आणला, सगळं. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून मीच तो एका दुकानात दिला आणि सांगितलं, ‘डी ड्राइव्हला हात लावू नका, सगळं तिथंच आहे.’ टिपणं मात्र डेस्कटॉपवर होती, आणि डेस्कटॉपवर दिसणारी प्रत्येक गोष्ट विंडोज सी ड्राइव्हमध्येच ठेवतं. संध्याकाळी कॉम्प्युटर चकचकीत होऊन घरी आला. वडील काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी कोरी वही काढली आणि आठवेल तेवढं पुन्हा लिहायला बसले. तुमच्या बाबतीत तर आठवून सांगणाऱ्याच राहिलेल्या नाहीत.

आता कामाचं. कॉम्प्युटर बंद ठेवलात की सगळ्यात आधी तुमच्या खात्यांकडे वळायचं, आणि तेही मोबाइलवरून. बहुतेक जण याच्या उलट करतात. घाईघाईने त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलतात आणि आत बसलेल्या चोराच्या हातात नवी किल्ली देतात. विकतचं सॉफ्टवेअर असं चोरून फुकटात उतरवलं की त्याबरोबर हल्ली जे येतं ते बहुधा माहिती चोरणारं असतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि ‘लॉग इन झालेलं आहे’ हे सांगणाऱ्या कुकीज ते काही मिनिटांत उचलून पाठवून देतं. ‘लुम्मा’ नावाचा असाच एक चोर 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत जगभरातल्या 3,94,000 हून अधिक विंडोज कॉम्प्युटरांत मायक्रोसॉफ्टला सापडला होता. त्यामुळे हे तुमच्या एकटीवर आलेलं नाही, आणि तुमच्या वयावर तर मुळीच नाही.

मोबाइलवर जीमेलचा पासवर्ड बदला. मग गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, कारण चोरलेल्या कुकीवर आत शिरलेल्याला पासवर्ड लागतच नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरूनही खात्री करून घेण्याची सोय, चालू करा. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती बघाच: जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’. चोर तिथे असा नियम लावून ठेवतो की बँकेची मेल परस्पर कचऱ्यात जावी किंवा तिची एक प्रत त्याच्याकडे जावी. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच चालू राहतो. हे सेटिंग जीमेलच्या ॲपमध्ये दिसत नाही. मुलीचा किंवा शेजाऱ्यांचा स्वच्छ कॉम्प्युटर तेवढ्यापुरता घ्या, काम झालं की तिथून लॉग आउट करा. रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा.

मैत्रिणींना व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: ‘माझ्या नावाने आलेला इंग्रजी ईमेल मी पाठवलेला नाही, त्यातली लिंक उघडू नका.’ लाज वाटून हे लांबवू नका. तुमच्या दोन ओळींनी कदाचित दुसऱ्या एका निवृत्त बाईंचं खातं वाचेल.

बँकेचं. पासबुकावर छापलेल्या नंबरला फोन करा किंवा सरळ शाखेत जा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरला कधीच करू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. नेट बँकिंगचा पासवर्ड बदलून घ्या आणि चवथीपासूनच्या नोंदी एकेक करून बघा. एखादा रुपया जरी अनोळखी गेलेला दिसला, तर त्याच क्षणी 1930 या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवा आणि बँकेला लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडणार नाही असं ठरलं होतं. उशीर झाला की जबाबदारी वाढत जाते. आधारची किंवा पेन्शनच्या कागदांची स्कॅन कॉपी कॉम्प्युटरवर असेल, तर आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करून ठेवा. हवं तेव्हा उघडता येतात.

एवढं झालं की गाण्यांकडे या.

पेन ड्राइव्हवरचे बाणवाले फोल्डर बघून तुमच्या पोटात गोळा आला असेल. पण बहुतेक वेळा त्यातलं काहीच गेलेलं नसतं. हा व्हायरस तुमचे खरे फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाचे, तसेच दिसणारे शॉर्टकट समोर मांडतो. कोपऱ्यातला तो छोटा वाकडा बाण म्हणजे ‘मी खरा फोल्डर नाही’ अशी कबुली. तुम्ही त्यावर दोनदा क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तो खरा फोल्डर उघडून देतो. म्हणून तर कित्येक दिवस कुणाला काही कळत नाही. तुमच्याकडे आता उघडतही नाही, याचा अर्थ बहुधा कुठल्या तरी अँटिव्हायरसने व्हायरसची मूळ फाइल उडवली आणि शॉर्टकट अनाथ झाले. पेन ड्राइव्ह फेकू नका आणि फॉरमॅटही करू नका. कागदाच्या पुडीत बांधून वर ‘शॉर्टकट’ असं लिहून ठेवा.

गाणी बाहेर काढायची ती विंडोज सुरू न करता. पुतण्याला बोलवा. त्याने आपल्या स्वच्छ लॅपटॉपवर 8 जीबीच्या नव्या पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, भरून आणावं. ते फुकट आहे, आणि चोरीचं नाही. त्या पेन ड्राइव्हवरून तुमचा कॉम्प्युटर सुरू केला की विंडोज झोपलेलंच राहतं, त्यातला व्हायरसही झोपलेला राहतो, आणि तुमच्या फाइली नुसत्या कपाटात ठेवल्यासारख्या समोर दिसतात. ‘इन्स्टॉल’ मात्र या टप्प्यावर दाबायचं नाही. लपवलेल्या फाइली दिसाव्यात म्हणून कंट्रोल आणि एच दाबा. मग नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावा आणि फक्त लिखाण, फोटो, आवाजाच्या फाइली उचला. ‘ईएक्सई’, ‘एससीआर’, ‘व्हीबीएस’, ‘बॅट’, ‘एलएनके’ असं शेपूट असलेली एकही फाइल नको, तिचं नाव कितीही ओळखीचं असलं तरी. सी ड्राइव्हमधला तुमच्या नावाचा फोल्डर, त्यातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स, मग डी ड्राइव्ह, असं घरातली एकेक खोली झाडावी तसं करा. तो पुडीतला पेन ड्राइव्हही इथेच उघडा, सुरक्षितपणे दिसेल.

पण थांबा, याच्याही आधी एक काम आहे, आणि तुमच्या पत्रात ‘टायपिंगचं सॉफ्टवेअर’ हे शब्द नसते तर ते मला सुचलंही नसतं. अकरा वर्षांपूर्वी सुरुवात केलीत म्हणजे बरीच गाणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असणार, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, नव्हे. अशी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ओवीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता लगदा दिसतो. गाणं असतं, पण वाचता येत नाही. तेव्हा विंडोज पुसण्यापूर्वी, इंटरनेटची वायर काढलेलीच ठेवून, कॉम्प्युटर एकदा सुरू करा. एकेक फाइल उघडून ‘प्रिंट’मध्ये जा, प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा आणि डी ड्राइव्हवर साठवा. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार फाइलीच्या आतच येतो, मग फॉन्ट असो नसो. मूळ फाइली तर घ्यायच्याच, आणि विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातून तो फॉन्टही. या वेळी कुठलाही पेन ड्राइव्ह लावू नका, लावाल तो बाधेल. हे झालं की शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, म्हणजे विंडोज अर्धवट न झोपता पुरतं बंद होतं. त्यानंतर वर सांगितलेलं लिनक्सचं काम.

साडेचारशे गाणी म्हणजे दोन-तीन दिवस जातील. जाऊ द्या. आणि कॉपी झाली म्हणून लगेच हुश्श करू नका. ती हार्ड डिस्क पुतण्याच्या लॅपटॉपला लावून, आधी अँटिव्हायरसने तपासून, निदान वीस-पंचवीस गाणी उघडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. फाइलीचं नाव दिसतं म्हणजे आत गाणं आहेच असं नसतं.

यानंतर कॉम्प्युटर पुसायचा, आणि तो पुरता पुसायचा. तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल: नुसता अँटिव्हायरस फिरवून भागणार नाही का? कोपऱ्यातली ती ‘5 व्हायरस’ची भीती एकटीच असती तर हो म्हटलं असतं. ती बहुधा ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून येते. कुठल्या तरी साइटला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं, ते ब्राउझरच्या सेटिंगमधून काढलं की बंद होते. विंडोजचाच अँटिव्हायरस असलेल्या डिफेंडरचं ‘ऑफलाइन स्कॅन’ही चांगलं आहे, पंधराएक मिनिटांत विंडोज सुरू होण्याआधीच तपासून देतं. पण तुमच्या नावाने ईमेल गेलेत. शिवाय अशा चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर ‘रीड मी’ नावाची एक चिठ्ठी असते, पुतण्याला विचारून बघा, तिच्यात बहुतेक लिहिलेलं असणार की आधी अँटिव्हायरस बंद करा. तो बंद असताना आत शिरलेल्याने डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’ यादीत, म्हणजे ‘इकडे बघू नको’ या यादीत, स्वतःचं नाव घालून ठेवलेलं असू शकतं. अशा कॉम्प्युटरने ‘काही सापडलं नाही’ म्हटलं तरी मी त्यावर पेन्शनचं खातं उघडणार नाही. तुम्हीही उघडू नका.

दुकानदाराकडून करून घ्यायचं असेल तर त्याला स्पष्ट सांगा: सगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे सगळे भाग, काढून टाक, डी ड्राइव्हसकट. दुकानात साधारण सी तेवढा पुसतात आणि डी तसाच ठेवतात, आणि पुतण्याने उतरवलेली ती झिप फाइल बहुतेक डीमध्येच पडलेली असते. महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता पुसल्यावर त्यात घालायचं काय? विंडोज 10 ला सुरक्षेचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवलं. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना वाढवून दिलेली मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची जाहीर झाली होती. विंडोज 11 साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि 2016 च्या मशीनमध्ये तो नसणार. दुकानदार ‘काहीतरी करून 11 घालून देतो’ म्हणेल, त्याला नको म्हणा. ज्या वाटेने दुखणं आलं त्याच वाटेने औषध आणण्यासारखं ते आहे. माझं मत विचाराल तर त्याच मशीनवर लिनक्स मिंट कायमचं बसवा. तुम्हाला लागतं काय? मराठी लिहिणं, ईमेल, बँक, छपाई. हे सगळं त्यात होतं, आणि मराठीचा कीबोर्ड त्यात फुकट मिळतो. हात विंडोजलाच सरावलेला असेल आणि पेन्शनमधून झेपत असेल, तर नवा कॉम्प्युटर घ्या, पण विंडोजच्या अधिकृत परवान्यासकटच. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्ये मे 2019 च्या अपडेटपासून आतच आहे. वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही.

बाई, खरी गोम इथेच होती. पुतण्याने चोरीचं सॉफ्टवेअर आणलं ते जुन्या फॉन्टपायी. गाणी युनिकोडमध्ये आली की ती गरजच उरत नाही. रूपांतर करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी घसरते, ‘सुऱ्या’चं भलतंच काहीतरी होतं. शेजारी पीडीएफ उघडून ओळ न् ओळ ताडून बघावी लागेल. तुम्ही आयुष्यभर वह्या तपासल्यात, हे काम तुमच्याइतकं चोख दुसरं कोणी करणार नाही.

रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं साधं खातं ठेवा आणि ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून देवघरातल्या डब्यात. म्हणजे कोणी काहीही बसवायला गेलं की कॉम्प्युटर पासवर्ड विचारेल आणि माणूस क्षणभर थांबेल. राउटरवर चिकटवलेला कंपनीचा मूळ पासवर्ड बदला. झेरॉक्सला पेन ड्राइव्ह नेण्याऐवजी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा. नेलाच तर त्यासाठी वेगळा ठेवा, ज्यात दुसरं काही नसेल.

गाण्यांच्या प्रती किमान तीन हव्यात. एक कॉम्प्युटरवर, एक त्या हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवायची. सदैव लावून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही सापडते आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कडाडते तेव्हा तिलाही. तिसरी प्रत घराबाहेर: मुलीकडे, नाहीतर गुगल ड्राइव्हवर. जमेल तेव्हा एक छापील संच बांधून घ्या आणि पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तो स्वीकारतील का ते विचारा.

पुतण्याला रागावू नका. त्याने काकूचं अडलेलं काम करून दिलं, वाट चुकीची धरली. त्याला हे पत्र वाचायला द्या आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह घेऊन बोलवा. पीडीएफ करायला तोच बसू दे, तुम्ही शेजारी खुर्ची घ्या. कोणतं गाणं कोणत्या गावातलं, कोणत्या आजीने सांगितलं, हे प्रत्येक फाइलीच्या नावातच त्याच्याकडून लिहून घ्या. आत्ता ते फक्त तुम्हालाच माहीत आहे.